मेंढ्याचं रक्त

नारिनच्या बाजारात कुणालाही विचारा, बेशेन मिस्त्री किती फेकतो ते. दोन डोंगरांपलीकडे कुणाच्या गाडीचं ब्रेक ऑइल गळलं तरी माझ्या नाकाला इथे कळतं, असं मी चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. तेव्हा आमच्याकडे ते ऑइल लालभडक मिळायचं.

जावयाने जुनी गाडी घेतली, तिचे ब्रेक मीच जोडले. मग रिवाजाप्रमाणे अंगणात गाडीशेजारीच मेंढा कापला, चारही चाकांना रक्त फासलं आणि दुपारपर्यंत पंगती उठल्या. निघताना माझी लेक सैकाल मागच्या चाकापाशी वाकली.

"बाबा, इथे आतून ओलं दिसतंय हो. ऑइल तर नाही ना?"

"अगं, मेंढ्याचं रक्त ते! बापाला ब्रेक शिकवतेस?"

"मामा, वास तरी घेऊन बघा," जावई म्हणाला. "तुमचं ते दोन डोंगरांपलीकडचं नाक!"

"नाकात आज मटण भरलंय, जावईबापू. निघा आता, उजेडात घाट उतरा."

सगळे हसलो. गाडी गेली.

संध्याकाळी निरोप आला, दोलोन घाटात गाडी दरीत गेली. दोघंही गेली.

मी तसाच अंगणात आलो. आमच्या कुत्र्याने मेंढ्याचं रक्त थेंबन्‌थेंब चाटून साफ केलं होतं. फक्त गाडीचं मागचं चाक होतं तिथे तळहाताएवढा लाल डाग उरला होता. त्याला त्याने तोंडसुद्धा लावलं नव्हतं.