नामगुंग साहेबांचा चेहरा

कागद

"मान डावीकडे. आणखी. हां, आता हलायचं नाही."

"टोपी कानाला टोचतेय."

"तुमच्या दादांनाही टोचायची. सोसा." हाम चित्रकारानं कोळशाची रेघ ओढली.

नामगुंग साहेब हद्दपारीत, बेटावर वारले. चार वर्षांनी राजानं कलंक पुसला. गुरुकुलाच्या स्मृतिमंदिरात त्यांची तसबीर लावायची परवानगी मिळाली. पण तसबीरच नव्हती. अशा वेळची रीत ठरलेली: ज्याचा तोंडवळा मिळतो, त्या रक्ताच्या माणसाला मयताचा दरबारी पोशाख चढवून समोर बसवायचं. म्हणून हे चाललं होतं; तेही दार लावून.

पसंतीचा शब्द गुरुकुलाचे प्रमुख प्यो गुरुजींचा. ज्यांच्या तक्रारीवरून साहेब बेटावर गेले, तेच. "एक केस जरी वेगळा, तरी तो माणूस नव्हे," म्हणत त्यांनी दोन घराण्यांच्या तसबिरी परत धाडल्या होत्या. ही परत आली, की साहेबांची मंदिरातली जागा गेली. कायमची.

मागून

कागदावरचं रेखाटन आता रेशमावर उतरलं होतं. कातडीचा रंग रेशमाच्या मागच्या बाजूनं भरायचा. मग तो पुढे आतून आल्यासारखा उमटतो.

साहेबांचा मुलगा चे-ग्योम डोकावला. "हे देवीचे व्रण जरा कमी करा की, मास्तर. बाबांना लोक चाळणी म्हणायचे."

"एकही नाही!" खुर्चीतून आवाज आला. "देवी आल्या तेव्हा दादा नि मी एकाच पांघरुणात होतो. एकेक व्रण कमावलाय आम्ही."

चे-ग्योमनं आपली हनुवटी चोळली. मग म्हणाला, "आणि दाढी?"

"साहेबांची दाढी मला पाठ आहे. शेवटी घालीन, केसागणिक." हाम खुर्चीकडे वळला. "तुम्ही फक्त समोर प्यो बसलाय असं समजून बघा."

नजर अशी रोखली गेली, की हामचा कुंचला हवेतच राहिला.

पुढून

शरदातला विधी. पंचवीस पंडित ओळीत. पडदा सरला.

प्यो गुरुजी पुढे गेले, नाक रेशमाला टेकेल इतके. कपाळ पाहिलं. गाल पाहिले. डोळ्यांपाशी आले आणि एक पाऊल मागे सरले.

"मेल्यावरही हिणवतोय," ते पुटपुटले. "दरबारात अस्साच बघायचा माझ्याकडे. एक केसही वेगळा नाही."

"म्हणजे... पसंत?" चे-ग्योम पुढे सरकला.

"गाढवा, अजून उभा काय राहिलास? वाक!"

आणि सत्तरीचे प्यो गुरुजी स्वतःच आधी गुडघ्यांवर आले. कपाळ जमिनीला. एकदा. दोनदा. त्यांच्यामागे पंचवीस टोप्या वाकल्या. चे-ग्योम हसता हसता रडत होता.

फाटकाबाहेर, जिला प्यो गुरुजींनी सकाळीच "बायकांचं इथं काय काम?" म्हणून हाकललं होतं, ती साहेबांची धाकटी बहीण तोंड झाकून उभी होती आणि फळीच्या फटीतून आपल्या चेहऱ्यापुढे वाकलेल्या पाठी मोजत होती.