पाण्यातले पडदे

आमच्याकडे हॉलंडमध्ये कालव्याकाठच्या घरांचे पडदे दिवसा कुणी ओढून घेत नाही. घेतलेच, तर त्या घरात कुणीतरी वारलंय हे शेजाऱ्यांना न विचारता कळतं.

डेल्फ्टला आम्ही सकाळी पोचलो. गावाबाहेरच्या तळावर कॅम्पर व्हॅन लावली आणि चालत निघालो. पुलावर माझी बायको हिल्के कठड्याला टेकून थांबली.

"लोकांच्या घरात डोकावू नये, बाईसाहेब," मी तिला चिडवलं.

"घरात कुठे? पाण्यात बघतेय मी. ते हिरव्या दाराचं घर बघ, रीन."

खिडकीत एक म्हातारी बटाटे सोलत बसली होती. पडदे बाजूला सारलेले होते. खाली पाण्यात मात्र त्याच खिडकीचे पडदे ओढलेले होते.

"पाणी हलतंय," मी म्हणालो. पाणी हलत नव्हतं.

दुपारी परतताना त्या घराचे पडदे खरोखरच ओढलेले होते. दारात शेजारी हलक्या आवाजात बोलत उभे होते. हिल्केने माझा हात धरला, तो तळावर पोचेपर्यंत सोडला नाही.

तळाच्या कडेनेही कालवा जातो. हिल्के व्हॅनमध्ये कॉफी करायला लागली आणि मी पाण्याचा कॅन घेऊन बाहेर पडलो. काठावरून जाताना सहज खाली नजर गेली.

वर व्हॅनच्या उघड्या खिडकीत हिल्के दोन कप मांडत होती. पाण्यात पडदे ओढलेले होते.

"येतोयस ना? गार होईल."

व्हॅनमध्ये ती एकटीच होती. मी कॅन तिथेच टाकला आणि धावत जाऊन तिच्यासमोर बसलो. आता आत आम्ही दोघं होतो.