तांदळाचा पसा

गुणाजीच्या छातीतला कफ सुटला नाही, तर श्वास कोंडून जीव जायचा. रोह्याच्या इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट दर्शनानं त्याच्या पाठीवर थाप मारून दाखवली आणि बायकोला पुढं ओढलं. “आवडीताई, घरी हे तुम्हालाच करायचंय. तांदळाचा पसा घेता तसा हात पोकळ करा आणि मारा.” “मी? ह्यांना?” पहिली थाप भीतभीत पडली, दुसरी धीट, मग मूठच वळली. गुद्द्यांनी खाट हादरली. “हळू गो, मरंन मी!” गुणाजी कळवळला. “मी पन असंच म्हनायचे,” आवडी मारता मारता म्हणाली. दर्शनानं तिचं मनगट धरलं. त्यावर बोटांचे काळेनिळे वळ दिसताच दर्शनाला ते सोडून तिला मारू द्यावंसं वाटलं. “मूठ नको, ताई. पसा.” मूठ उघडली. थापांनी कफ सुटला. गुणाजीनं पाण्यासाठी हात उचलला; आवडीनं सवयीनं तोंड झाकलं. उचललेला हात त्यानं चादरीखाली लपवला.