पहिल्या बाळाची टोपली

व्हर्ना लिंडग्रेनने दुकानाच्या काचेआडच्या टोपलीतून लोकरीची टोपी काढून घेतली आणि कोटाच्या खिशात घातली. टोपलीत आता काहीच उरलं नव्हतं. वाणसामानवाल्याने आपला खारवलेल्या मांसाचा हॅम सकाळीच परत नेला होता, बँकेने चांदीचा चमचा पाठवलाच नव्हता. यंदा नॉर्बीत वर्षाचं पहिलं बाळ जन्माला येणार नव्हतं.

ही टोपली म्हणजे गावाची जुनी हौस. नव्या वर्षात नॉर्बीच्या इस्पितळात जे मूल पहिलं जन्मेल, त्याला व्यापाऱ्यांकडून भेट. साप्ताहिकात फोटो. व्हर्नाच्या औषधाच्या दुकानातून लंगोट, आणि तिने स्वतः विणलेली टोपी. यंदाची टोपी तिने अंमळ जास्तच जीव लावून विणली होती. तिची लेक क्रिस्टा गरोदर होती आणि डॉक्टरांनी तारीख दिली होती ती नेमकी नव्या वर्षाच्या तोंडावरची.

गेली काही वर्षं टोपली टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात राबणाऱ्या ग्वाटेमालाच्या कुटुंबांकडेच जात होती. पोरं त्यांनाच होत होती, दुसरं काय होणार! मागच्या जानेवारीत मरीबेल चोक नावाची बाई टोपी घातलेलं बाळ घेऊन मुद्दाम दुकानात आली. व्हर्नाचे दोन्ही हात धरून आभार मानून गेली. व्हर्ना तोंडभर हसली. मग तिने व्यापाऱ्यांची बैठक बोलावली आणि एक नियम करून घेतला: आई-बाप दोघंही जिल्ह्यातले जुने रहिवासी हवेत. शब्द तिचेच होते. आसपासच्या गावांनी नियमाची नक्कल मागवून घेतली, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नियम वापरायची वेळच आली नाही. एप्रिलमध्ये सरकारने बाहेरून आलेल्यांचे कामाचे परवाने आवळले. चोक कुटुंब गेलं, त्यांची अख्खी गल्ली गेली. कारखान्याची दुसरी पाळी बंद पडली. कॅफेत रोज सकाळी तोच वाद रंगू लागला.

"माणसं कमी झाली की पगार वाढतात," व्हर्ना म्हणायची. "सरळ हिशेब आहे."

"वाढतील की," न्हावी आर्नी म्हणायचा. "पगार देणारा तेवढा गावात शिल्लक राहिला पाहिजे. अगं, हल्ली माझ्या खुर्चीत बसतो तो माझा भाऊ. आणि त्याला टक्कल आहे."

सगळे हसायचे. व्हर्नाही हसायची. "निदान गाव आपलं आपल्याला परत मिळालं," असं म्हणून कॉफी संपवायची.

थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी इस्पितळाने बाळंतपणाचा विभाग बंद केला. बाळंतपणंच होईनात, तर नर्स बसवून ठेवायच्या कशाला? क्रिस्टाने पलीकडच्या जिल्ह्यात, व्हाइटफील्डला नाव घातलं. त्या दिवशी व्हर्ना कॅफेत गेली नाही.

एक जानेवारीला सकाळी क्रिस्टाला कळा सुरू झाल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता. जावई डेल गाडी चालवत होता आणि व्हर्ना मागे लेकीला धरून बसली होती. गाडी नॉर्बीच्या इस्पितळासमोरूनच गेली. आवारातला बर्फ कोणी काढलेलाही नव्हता.

"अजून किती लांब आहे, आई?"

"आलंच हं," व्हर्ना म्हणाली. आलेलं नव्हतं. शेतांमधून जाणारा रस्ता पांढराफटक होता आणि पुढे बर्फ काढणाऱ्या गाडीचा पत्ता नव्हता. आयुष्यात प्रथमच तिला नॉर्बी फार एकटं गाव वाटलं.

पण पोचले. दुपारी मुलगी झाली, गुटगुटीत आणि रागीट. नर्स टाळ्या वाजवतच आत आली. "वर्षातलं पहिलं! आमच्या इस्पितळातलं पहिलं बाळ!"

व्हर्नाचा चेहरा उजळला. म्हणजे इथेही टोपली होती! तिने लेकीचे केस विंचरले, खिशातली टोपी काढून नातीच्या डोक्यावर चढवली. थोड्याच वेळात लाल कोट घातलेल्या एक बाई टोपली घेऊन आल्या. सोबत कॅमेरावाला. टोपली नॉर्बीच्यापेक्षा मोठी होती.

"अभिनंदन! काय नाव ठेवलंत?"

"इंगा."

"किती गोड! आणि राहता कुठे?"

"नॉर्बीला," क्रिस्टा म्हणाली.

बाईंनी टोपली खाली ठेवली नाही. कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "राग मानू नका हं. पण तुमचं इस्पितळ बंद झाल्यापासून इथे बाहेरच्यांची फार गर्दी व्हायला लागली. आमच्याच लोकांना खाटा मिळेनात. व्यापारी म्हणाले, निदान टोपली तरी आपल्या माणसांना मिळू दे."

"बाहेरचे?" क्रिस्टा म्हणाली. "आम्ही?"

"मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. नियमच आहे तसा." बाईंनी टोपलीला अडकवलेला कागद सोडवून व्हर्नापुढे धरला. "आजी, तुम्हीच वाचून दाखवा तिला."

व्हर्नाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. नातीच्या कानावरची टोपी ती नीट करत राहिली.

"आई-बाप दोघंही," ती हळूच म्हणाली, "जिल्ह्यातले जुने रहिवासी हवेत."