पाठमोरे फोटो

“‘मान’ असं टाइप कर,” बाई म्हणाल्या.

नवऱ्याने केलं. फोटो शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने क्षणभर विचार केला आणि प्राणिसंग्रहालयातले सात जिराफ समोर आणून उभे केले.

“मग ‘पाठ’ कर.”

पाठ म्हटल्यावर एक घोडा आला, दोन सोफे आले आणि कुठल्याशा लग्नात जेवणाच्या रांगेत उभे असलेले बाईंचे थोरले दीर आले.

एरवी बाई हसल्या असत्या. पण चार वाजून गेले होते आणि साडेपाचला डॉक्टरकडे पोचायचं होतं. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, एक काळा तीळ होता. परवा तो पार्लरवालीला दिसला, काल डॉक्टरांना. डॉक्टरांनी त्यावर भिंग धरलं, बराच वेळ धरलं आणि विचारलं, “कधीपासून आहे हा?” शाळेत बावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईंना उत्तर आलं नाही. “जुने फोटो असतील तर आणा. तीळ जुना असेल आणि तेवढाच असेल, तर निवांत घरी जा. नवा असेल किंवा वाढत आला असेल, तर मला थांबता येणार नाही, लगेच काढून तपासायला पाठवावा लागेल.”

फोटो होते. नवरा ड्राफ्ट्समन होता, इमारतींचे नकाशे काढायचा. त्याच्या घरात कॅलेंडरसुद्धा तिरकं लटकत नसे. चौदा हजार फोटो त्याने वर्षवार, सहलवार लावून ठेवले होते. त्यात दर सुट्टीतला एक फोटो ठरलेला: बाई पाठमोऱ्या, केस वर बांधलेले, समोर समुद्र नाहीतर डोंगर. “चेहरा आला की लोक देखावा बघत नाहीत,” असं त्याचं म्हणणं. त्यावर बाईंचा चेहरा पडायचा, पण तो फोटोत येतच नसे.

“ते शोधाचं राहू दे. तारखेने लाव,” बाई म्हणाल्या.

गेल्या सुट्टीतलं सरोवर आलं. बाईंनी चष्मा सारखा करून स्क्रीनला नाक लावलं. “मोठं कर. अजून.”

मान स्क्रीनभर पसरली. नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखी स्वच्छ.

“त्याच्या आदल्या वर्षीचा.”

समुद्र. मान स्वच्छ.

“त्याच्या आधी.”

डोंगर. स्वच्छ. त्याच्या आधी पुन्हा समुद्र, भाड्याची छत्री, एका अनोळखी गृहस्थाचं पोट. मान स्वच्छ. पाचव्या वर्षीचा धबधबा झाला तेव्हा बाई खुर्चीत मागे टेकल्या.

“म्हणजे नवाच आहे,” त्या म्हणाल्या. “गेल्या सुट्टीत नव्हता. नऊ महिन्यांत शून्यावरून एवढा.” त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. “पोरीला फोन करू का? नको. तिची परीक्षा होऊ दे.”

नवरा माउसकडे बघत होता. “अगं, तसं नसेल.”

“कसं नसेल? समोर दिसतंय ना.”

“दर वेळी फोटोवर जायचं नसतं.”

सोनाराने ‘सोन्याचं काय घेऊन बसलात’ म्हणावं तसं हे झालं. शेवटच्या बाकावर कुजबुज ऐकू आली की बाई जशा बघत, तशा त्या नवऱ्याकडे बघू लागल्या.

“काय केलंयस?”

“काही नाही गं. लावायच्या आधी फोटो जरा साफ करतो, एवढंच. आभाळातल्या तारा काढतो, कचऱ्याचे डबे काढतो. एक गोल ब्रश असतो. डागावर ठेवायचा, दाबायचा. डाग जातो.”

“आणि माझा?”

“तोही.”

बाईंनी श्वास सोडला. कालपासून पहिल्यांदा, पूर्ण. “शहाण्या, मग मघाशीच बोलायला काय झालं होतं! म्हणजे होता. जुना आहे.” त्या चक्क हसल्या. “चल, मूळ फोटो काढ. ते दाखवू डॉक्टरांना.”

“मूळ ठेवत नाही मी. जागा अडते.”

बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच थोडा वेळ राहिलं, मग गेलं.

“माझ्या मानेला डोळे नाहीत रे मागे,” त्या म्हणाल्या. “तुला मात्र दर वर्षी दिसत होता.”

“मला वाटलं, आहे आपला एक डाग. सांगितलं असतं तर तू उगाच मनाला लावून घेतलं असतंस. दिसण्याबद्दल काही बोललं की तू चार दिवस...”

“ब्रश लहान-मोठा करता येतो?”

“येतो.”

“दर वर्षी एकाच मापाचा घेत होतास?”

बाईंनी एक जुनी प्रश्नपत्रिका उलटी करून त्याच्यापुढे सरकवली, वर पेन्सिल ठेवली.

“वर्षं घाल आणि गोल काढ. मापात.”

मापाच्या कामात त्याने आजवर कधी चूक केली नव्हती. डावीकडे त्याने पाच वर्षं लिहिली, जुन्यापासून, एकाखाली एक. पहिल्या वर्षापुढे टिंब दिलं. दुसऱ्यापुढेही तेवढंच. तिसरं जरा ठसठशीत आलं. चौथ्याला मात्र गोल काढावा लागला. मग तो थांबला आणि खण उघडून शार्पनर शोधू लागला.

“टोक कशाला करतोस?” बाई म्हणाल्या. “मोठाच काढायचाय ना?”