दर सेकंदाला एक नोंद

"दहा मिनिटांतून एकदा, याला मोजणं म्हणत नाहीत," हितेंद्र म्हणाला आणि डावीकडचं घड्याळ त्याने काउंटरवर परत ठेवलं.

दादरच्या त्या दुकानातला विक्रेता, दौलत, अर्धा तास त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. आता दोनच घड्याळं उरली होती. एक पातळ, एकदा चार्ज केलं की बारा दिवस चालणारं. पण नाडी दहा मिनिटांनी एकदा टिपणारं, म्हणजे रुपालीच्या मनगटावरच्या जुन्या घड्याळासारखंच. दुसरं जाड, रोज चार्ज करावं लागणारं. मात्र दर सेकंदाला नोंद घेणारं.

"आणि याचा आकडा घरच्यांच्या मोबाईलवर लगेच दिसतो, सर. लोक म्हाताऱ्या आईवडिलांसाठी नेतात," दौलत म्हणाला. "मॅडम, तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

"पातळ," रुपाली म्हणाली. मग हितेंद्रकडे पाहून, "पण तू म्हणशील ते."

"जाड जड नाही ना होणार? गाताना, ताल धरताना?" हितेंद्रने तिला विचारलं.

"ताल उजव्या हाताने धरतात."

दौलत हसला. हितेंद्रने जाड घड्याळ बांधायला सांगितलं.

वजनकाटे आणि दाबमापक तपासून त्यांना दाखले देणं हे हितेंद्रचं काम होतं. परळच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं तो तेच करत होता. एखादं उपकरण खोटं बोलतं आहे असं तो कधीही एका नोंदीवरून म्हणत नसे. त्यामुळे रुपालीबद्दलही त्याने घाई केली नव्हती.

जुन्या घड्याळाचं खातं त्यानेच उघडून दिलं होतं. पासवर्ड त्याच्याकडे होता. मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिसातून परस्पर ती भोईवाड्यात गाणं शिकायला जाई. तीन महिन्यांतल्या सव्वीस वर्गांपैकी तेवीस दिवशी, सहा पस्तीस ते सहा पंचेचाळीसच्या दरम्यान, तिची नाडी चौऱ्याहत्तरवरून एकशे पंधराच्या पुढे गेली होती. पावलांची नोंद त्या वेळी शून्य. जिना नव्हता, वर्ग तळमजल्यावर भरे. गाणंही नव्हतं, कारण वर्ग साडेसहाला सुटे. चहा ती घेत नसे.

एकेक शक्यता खोडत गेल्यावर गौतम उरला.

गौतम वर्ग चालवी. चाळिशीचा, अविवाहित, पेटीवर बोटं ठेवून समोरच्याकडे टक लावून ऐकणारा. पाडव्याच्या कार्यक्रमात हितेंद्रच्या देखत तो रुपालीला म्हणाला होता, "तुमचा षड्ज सगळ्यांत स्वच्छ लागतो." लग्नाला आठ वर्षं झाली होती. आपल्या बायकोचा काही स्वर स्वच्छ लागतो हे हितेंद्रला परक्या माणसाकडून कळलं होतं. त्या दिवसापासून ते वाक्य त्याच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

प्रश्न इतकाच होता की वर्ग सुटल्यावर ती दोघं एकटी असताना काय होतं. दहा मिनिटांच्या नोंदीतून ते कळणं अशक्य होतं. सेकंदाच्या नोंदीतून आरंभ, चढ, उतार, सगळं कळणार होतं. रुपालीला त्याने घड्याळ वाढदिवसाचं म्हणून दिलं. वाढदिवस दीड महिन्यावर होता.

शुक्रवारी तो लवकर निघून डिलाईल रोडच्या घरी आला आणि मोबाईल समोर ठेवून बसला. त्या दिवशी त्याने एक पथ्य पाळलं. एरवी वर्ग सुटला की तो तिला फोन करी. निघालीस का, बरोबर कोण आहे, मागे आवाज कोणाचा, हे विचारी. ती क्रमाने सगळं सांगे. इतकी नीटस उत्तरं आधी तयार केल्याशिवाय येत नाहीत, असं त्याचं मत होतं. आज त्याने फोन केला नाही. नोंद चालू असताना काट्याला हात लावायचा नसतो.

सहा तीस: चौऱ्याहत्तर. सहा चाळीस: बहात्तर. सहा पन्नास: एकाहत्तर. ती अजून भोईवाड्यातच होती, बसलेली होती, आणि रेषा पाटीवर पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

हितेंद्रची निराशा झाली. गौतम आज आलाच नसावा. दुसरा अर्थ निघत नव्हता.

साडेसातला ती दारात उभी राहिली तेव्हा आकडा एकशे सोळा होता. तीन जिने, असं म्हणून त्याने तो बाद केला.

"आज फोन नाही केलास," ती चपला काढत म्हणाली.

"कामात होतो."

"बरं."

"आज सगळे आले होते?"

"हो."

"गौतमसुद्धा?"

"सर नसतील तर वर्ग कसा होईल? वर्ग सुटल्यावर नवी चीज उतरवून घेतली त्यांच्याकडून. कुकर लावते."

ती आत गेली. हितेंद्र खुर्चीत मागे टेकला. तर गौतम आला होता, ती त्याच्यासमोर बसली होती, आणि तरीही बहात्तर. घड्याळाचा पट्टा सैल असणार. सैल पट्ट्याने नोंद चुकते. बोलावून पट्टा तपासावा, असं त्याने ठरवलं.

स्वयंपाकघरातून गुणगुणण्याचा आवाज येत होता. मोबाईलवर आकडा अडुसष्ट होता. एवढा खालचा आकडा त्याने तिच्या संध्याकाळच्या नोंदींत पाहिला नव्हता.

"रुपाली," त्याने हाक मारली. आवाज नेहमीचाच होता.

गुणगुणणं थांबलं.

"आले हं," ती सहज म्हणाली.

चौऱ्याऐंशी. नव्व्याण्णव. एकशे सतरा. पावलं: शून्य.