तिधारी कुंपण

होळीच्या राखेत मैनाबाईनं आपल्या कुंपणाच्या मेढी ओळखल्या. बाभळीच्या काट्या कधीच्याच जळून गेल्या होत्या, मेढींचे बुंधे तेवढे धुमसत होते. ती तशीच बागेकडे पळाली. खुशालरावाचे बैल वांग्यांच्या वाफ्यात उभे होते. केळीचा एक खुंट धड राहिला नव्हता. त्याचा गडी बांधावर बसून तमाखू मळत होता. बैल चुकून आले, असं म्हणायची तसदीसुद्धा त्यानं घेतली नाही.

खुशालरावाचं काळंभोर वावर तिच्या बागेच्या मागं, नाल्याच्या वळणात होतं. साता समुद्रापलीकडं कुठंशी लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, अकोटच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तेव्हापासून त्याला ही बागही हवी होती. एकट्या माळणीनं त्या मातीत वांगी लावावीत, हे त्याला बघवत नव्हतं.

मैनाबाई त्याच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली.

"होळीच्या लाकडाले चोरी म्हणत नाहीत व," तो हसला. "पोरायनं नेलं असंन. किती साल काट्या रचत बसशीन? देऊन टाक बाग मले."

ती आल्या वाटेनं परतली.

तिचा भाऊ नत्थुजी म्हणाला, "बाई, मेळघाटातून सागाच्या मेढी आणतो. लोखंडावानी."

"त्या पुढच्या होळीत जातीन."

"मंग मातीची भित घालू."

"दोन पावसात बसते."

"मंग काय लावतं?"

"जे जळत नाही, ढोरं खात नाहीत, आन् ज्याले कुऱ्हाड लावाले माणूस भेते, ते."

नरनाळ्याच्या डोंगरातून नत्थुजीनं गाडीभर तिधारी निवडुंग आणला. चीक वाळेपर्यंत तिनं कांडी सावलीत टाकून ठेवली. मग बांधालगत चर खणून ती दाटीनं रोवली. अध्येमध्ये सागरगोट्याचे वेल सोडले. खुशालरावाची गाडी तिच्या बागेतूनच रस्त्याला लागायची; त्याच्या वावराच्या बाकी सगळ्या बाजूंनी नाला होता. तेवढी फट मात्र तिनं मोकळी ठेवली.

"त्याले वाट काहून देतं?" नत्थुजी चिडला.

"असू दे. सवय राहू दे त्याले."

बाई वाकली, असं खुशालरावानं धरलं. दोन पावसाळ्यांत कुंपण पुरुषभर वाढलं. यंदा त्यानं ज्वारीचा दाणाही पेरला नाही. नाल्यापर्यंत सगळा कापूस.

दसरा झाला. बोंडं फुटून वावर पांढरं झालं, त्या सकाळी मैनाबाईनं फट बुजवली. मुळासकट उपटून आणलेली थोराड खोडं तिनं तिथं रोवली.

खुशालराव धावत आला. "मैना, माही वाट?"

"कोणती वाट जी? मोजणीवाल्यायनं दगड पुरले, तवा तुमीच म्हणाले होते ना, दगडाच्या आत ज्याचं त्याचं?"

त्यानं गड्याला कुऱ्हाड घेऊन पाठवलं. पहिल्याच घावाला चीक उडाला आणि गडी डोळे दाबत नाल्याकडे पळाला. त्यानंतर कुंपणाला हात लावायला कुणी तयार होईना.

बाजारातून वार्ता यायला लागल्या. लढाई मिटते म्हणतात, भाव उतरतो म्हणतात. वावरात कापसाचा ढीग वाढत होता. खुशालराव रात्री झोपत नाही, हे मैनाबाईला कळलं, तेव्हा ती पोटभर जेवली.

मग एका दुपारी तिला नाल्याकडून बायांचा गलका ऐकू आला. परतीच्या पावसानं नाला कमरेइतका वाहत होता. गाड्या पलीकडे उभ्या होत्या, आणि वेचणाऱ्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन पाण्यातून चालल्या होत्या. खुशालराव काठावर कोरडा उभा राहून ओरडत होता. नत्थुजीची बायको पार्बता त्यांच्यात होती. मैनाबाई बघत असतानाच पार्बताचा पाय घसरला. गाठोडं वाचवायच्या नादात ती गळ्यापर्यंत बुडाली, आणि खुशालरावाची पहिली शिवी तिलाच बसली.

हे मैनाबाईच्या हिशेबात नव्हतं.

तिनं तोंडावर पदर गुंडाळला, हातांना तेल चोपडलं आणि कोयता घेतला. बाजूचं एक खोड तिनं स्वतः तोडलं. मनगटावर चीक पडला, आग झाली, पण तिनं कोयता सोडला नाही. माणूस अंग चोरून निघेल एवढी जागा झाली.

"बायायहो, इकडून या!" तिनं हाक दिली. "गाठोडे तिकडंच टाका. माह्या बागेतून कापसाची एक बोंडीबी जाणार नाही."

बाया थबकल्या. खुशालराव गरजला, "जे जाईन, तिले उद्या काम नाही!"

पार्बता त्याच्या काठावर परतून ओल्या लुगड्यानं कुडकुडत उभी होती. तिनं डोक्यावरचं गाठोडं त्याच्या पायाशी टाकलं. "उद्या आमी गोवर्धनच्या वावरात हाओ. वेचाले बाया भेटत नाहीत म्हणून तो सकाळपासून दारात येऊन बसते."

एकेक करून सगळ्या त्या फटीतून निघाल्या. कुणी मागं पाहिलं नाही.

पश्चिमेला ढग दाटले होते. खुशालरावानं ढगांकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. गड्याला हाक मारली. गडी दिसला नाही. मग त्यानं पगडी उतरून बांधावर ठेवली, धोतर वर खोचलं आणि एक गाठोडं डोक्यावर घेतलं. पाण्यात पाय घालताना तो लहान पोरासारखा शहारला.

मैनाबाई कोयता मांडीवर घेऊन फटीत बसली होती. मनगटावर टरटरून फोड आला होता. पार्बतानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाला बाई घरी. झालं ना तुमच्या मनासारखं?"

मैनाबाईनं नाल्यावरची नजर काढली नाही.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "अजून लय गाठोडे हायेत."